माझ्या टेबलावरचा मोडेम

ईश्वरा वरुटे कचेरीत आले ते थेट माझ्या टेबलापुढे उभे राहिले आणि पिशवीतून वर्तमानपत्राची कात्रणं काढून एकेक करून मांडायला लागले. चौदा कात्रणं. 'घरबसल्या जग' या माझ्या रविवारच्या सदराची. प्रत्येक कात्रण प्लास्टिकच्या कागदात घातलेलं, वर तारीख लिहिलेली. मी मनातल्या मनात फुलले. आपलं लिहिलेलं कुणी इतकं जपून ठेवतं म्हणजे काय थट्टा आहे.

"हे लिव्हणारं मगदूम साहेब कुठं बसत्यात?" त्यांनी विचारलं.

मीच ती, म्हणून सांगितलं. सदराखाली 'शै. मगदूम' एवढंच छापून यायचं, त्यामुळे निम्म्या गावाला मी पुरुषच वाटायचे. वरुट्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा कात्रणांकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून बसले.

"मग तर लई बरं झालं," ते म्हणाले. "पोरीचं काम हाय. बाईमाणसाला कळंल."

साल सत्त्याण्णव, नोव्हेंबर महिना. इचलकरंजीतून निघणाऱ्या एका छोट्या दैनिकात मी उपसंपादक होते. सत्तावीस वर्षांची, तोंडाळ, आणि आपल्याला सगळं कळतं अशा गोड गैरसमजात. वरुटे पन्नाशी ओलांडलेले, जॉबर होते. यंत्रमाग बिघडला की तो दुरुस्त करणारा तो जॉबर. चाळीस मागांच्या खडखडाटात कुठला माग चुकीचा वाजतोय, हे ते शेडाच्या दारात उभं राहून सांगायचे म्हणे. सगळा जन्म त्या आवाजात गेलेला, त्यामुळे बोलायचेही मोठ्यानं. त्यांची गोष्ट माझ्याबरोबर सगळ्या कचेरीनं ऐकली.

मुलगी वैजयंता, घरात वैजू. वय एकवीस. चार वर्षांची असताना ताप डोक्यात गेला आणि ऐकू येणं बंद झालं. आई नाही, घरात दोघंच. वैजू शेडात कापड तपासायचं काम करायची. आणि शेडात ती बहिरी नव्हतीच, वरुटे म्हणाले, कारण तिथं सगळेच बहिरे. माग सुरू असले की कुणाला कुणाचं ऐकू येत नाही. बाया-माणसं ओठ बघून आणि हात हलवून बोलतात. धागा तुटला, धोटा अडकला, चहा आला, मालक आला, घरी पोराला ताप भरलाय, सगळं हातांनी. ही हातांची बोली वैजूला शेडातल्या कुणाहीपेक्षा जास्त चांगली यायची. पंचाईत व्हायची ती शेडाबाहेर पाऊल टाकलं की.

तर ही वैजू वर्षभर क्लासला जाऊन संगणकावर मराठी टायपिंग शिकली आणि पुण्यातल्या एका छापखान्यात तिला अक्षरजुळणीची नोकरी लागली. राहायला बायकांचं वसतिगृह. एक डिसेंबरला हजर व्हायचं होतं. वरुटे नको म्हणत होते. पत्र जायला चार दिवस, यायला चार दिवस, आणि फोन तिच्या काय कामाचा? परक्या गावात पोरीला काही झालं तर तिनं बापाला हाक कशी मारायची? यावर वैजूनं त्यांच्यापुढे माझं एक कात्रण ठेवलं होतं. त्यात मी लिहिलं होतं, 'मोडेम नावाची छोटी पेटी फोनच्या तारेला जोडली की दोन गावांतले दोन संगणक एकमेकांशी बोलू लागतात. इथे टाइप केलेलं तिथे त्याच क्षणी उमटतं. काल संध्याकाळी माझ्या टेबलावरच्या मोडेमवरून मी मुंबईच्या मैत्रिणीशी अर्धा तास गप्पा मारल्या.'

ते वाचून वरुट्यांनी पोरीला शब्द दिला, असं बोलता आलं तर जा. टायपिंगच्या क्लासातला जुना संगणक विकत घेतला. कोल्हापूरहून मोडेम आणला. फोन घरात होताच, अडीनडीला जॉबरला बोलावता यावं म्हणून मालकानं घेऊन दिलेला. पुण्याच्या छापखान्यातही मोडेम होता. मग माझ्या लेखात लिहिलं होतं तसं तंतोतंत करून पाहिलं, चार वेळा, आणि चारही वेळा काहीच झालं नाही.

"धा दिस राहिल्यात," वरुटे म्हणाले. "म्हटलं, लिव्हणाऱ्याकडंच जावं. तुमच्या टेबलावरच्या मोडेमला आमचा जोडून बघूया. म्हंजी दोष कुठं हाय ते कळंल."

आता इतक्या वर्षांनी सांगायला हरकत नाही. माझ्या टेबलावर मोडेम नव्हता. संगणकही नव्हता. घरात साधा फोनसुद्धा नव्हता, नंबर लावून चार वर्षं झाली होती. मुंबईत मैत्रीण नव्हती. मोडेम मी फक्त चित्रात पाहिला होता. आमचे संपादक इनामदार यांनी रद्दीच्या दुकानातून परदेशी संगणक मासिकांचा एक गठ्ठा आणून माझ्यापुढे टाकला होता आणि यातून दर रविवारी सहाशे शब्द काढ, कॉलेजच्या पोरांना आवडेल, असं सांगितलं होतं. मूळ लेख लिहिणारा कुणी परदेशी गृहस्थ होता. तो 'मी' म्हणायचा, मीही 'मी' म्हणू लागले. पहिल्या आठवड्यात जरा कसंतरीच वाटलं. तिसऱ्या आठवड्यापासून रस्त्यात लोक ओळखून हसायला लागले आणि मग काहीच वाटेनासं झालं.

"माझा मोडेम दुरुस्तीला गेलाय मामा," मी म्हणाले. किती सहज म्हणाले, याची आजही लाज वाटते.

वरुट्यांचा चेहरा पडला नाही. उलट त्यांनी लगेच दुसरी वाट काढली. रविवारी तुम्हीच आमच्या घरी या, म्हणाले. पुण्याच्या छापखान्यातल्या गद्रेबाई आमच्यासाठी रविवारी अकरा ते बारा मुद्दाम थांबणार आहेत, तुमचा हात लागला की होऊन जाईल. मी हो म्हटलं. नाही तरी कुठल्या तोंडानं म्हणणार होते?

मधले दोन दिवस मी ती मासिकं पुन्हा पुन्हा वाचून काढली. शनिवारी कोल्हापूरला जाऊन एकदा मोडेम डोळ्यांनी बघून यायचं ठरवलं होतं, तर दुकानाला कुलूप. रविवारी सकाळी वाटलं, ताप आल्याचा निरोप पाठवावा. पण निरोप पाठवायलाही कुणाच्या तरी घरी फोन करायला जावं लागलं असतं, आणि तेवढं चालायचंच, तर म्हटलं तिकडेच चालावं.

वरुट्यांचं घर शेडाला लागून होतं. भिंतीपलीकडे मागांचा खडखडाट, पायाखालची फरशीसुद्धा थरथरायची. शेडाच्या दाराशी काळी पाटी टांगलेली आणि तिच्यावर खडूनं आकड्यांच्या जोड्या लिहिलेल्या. आत गेल्यावर वरुट्यांनी आधीच बजावलं की बोलताना तोंडापुढे हात घेऊ नका, वैजू ओठ वाचते.

वैजू शिडशिडीत, सावळी, एकटक बघणारी. तिनं मला बसायला पाट दिला नाही, खुर्ची दिली, आणि खुर्ची थेट संगणकापुढे ठेवली. मग वहीत लिहून वही माझ्यापुढे केली. 'तुमचे सगळे लेख वाचले आहेत.' अक्षर छापल्यासारखं. मी हसले आणि माझा हात आपोआप तोंडापुढे गेला.

सव्वाअकरा वाजता आम्ही सुरुवात केली. मी माझंच कात्रण समोर धरून वाचत होते आणि वैजू तसं टाइप करत होती. लेखात दिलेला डायल करायचा हुकूम, पुढे पुण्याचा नंबर. मोडेमवरचे तांबडे दिवे लागले, आतून टूं-टूं-टूं असे बारीक आवाज आले आणि मग नुसती फोनची ती नेहमीची गुणगुण. मिनिटभरानं तीही थांबली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मी म्हणाले, लाइन खराब असेल. मग म्हणाले, पुण्याचा मोडेम बंद असेल. मग म्हणाले, आज हवाच दमट आहे. वरुटे हाताची घडी घालून उभे होते आणि माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. ते मान डोलावणं मला जास्त टोचत होतं.

वैजूनं मोडेमवर तळवा ठेवला. मग लिहून विचारलं, नंबर फिरवल्यावरसुद्धा फोन गुणगुणत राहतो का? मी हो म्हटलं. तिनं मोडेमबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक उघडलं. पानोपानी पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहिलेले होते आणि तिला हवं होतं ते पान आधीच दुमडलेलं होतं. मी ते पाहिलं, पण त्याचा अर्थ मला त्या वेळी लागला नाही. तिनं घरातला काळा फोन जवळ ओढला, माझं बोट धरून तबकडीच्या भोकात घातलं, फिरवलं आणि सोडलं. तबकडी टक-टक करत मागे आली. तिनं लिहिलं, 'आमचं एक्स्चेंज जुनं आहे. ते अशा टिचक्या मोजतं. तुमच्या लेखातला हुकूम शिट्ट्या वाजवून नंबर सांगतो. ते परदेशात चालत असेल. टिचक्यांचा हुकूम वेगळा आहे, या पानावर.'

मी म्हटलं, बरोबर, हे मी सांगणारच होते. देवा रे.

तिनं दुसरा हुकूम दिला. मोडेम टक-टक करू लागला. गुणगुण थांबली. पलीकडे घंटी वाजली, एकदा, दोनदा, आणि कुणीतरी उचललं. आणि मग त्या पेटीतून असा काही आवाज फुटला की बस. आधी एक लांब चिरकी किंकाळी, तिच्यावर दुसरी, मग पत्रा फरशीवरून फरफटत न्यावा तशी खरखर. मी ताडकन उठले. जळतोय, बंद करा, मी ओरडले आणि भिंतीतून फोनची तार उपटून काढली.

दिवे विझले. भिंतीपलीकडचे माग तेवढे चालू राहिले.

पुणं लागलं होतं. मोडेम एकमेकांना भेटले की असेच ओरडतात. ज्यानं एकदा जरी मोडेम वापरलाय त्याला हे ठाऊक असतं. त्या परदेशी गृहस्थानं ते कधी लिहिलं नव्हतं, कारण त्याच्या वाचकांना ते रोजचंच होतं.

वरुट्यांनी माझ्या हातातल्या तारेकडे पाहिलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला, इतका की मागांच्या आवाजात मला त्यांच्याकडे वाकून ऐकावं लागलं.

"बाई, ह्यो आवाज तुमी आज पयल्यांदा ऐकला."

मी हो म्हटलं. एकदा हो म्हटल्यावर मग सगळंच बाहेर आलं. माझ्याकडे मोडेम नाही, कधीच नव्हता, सगळं दुसऱ्याचं वाचून लिहिलंय, मुंबईची मैत्रीणसुद्धा दुसऱ्याची. वैजू माझ्या ओठांकडे बघत होती, म्हणून मी हात खाली ठेवून सांगितलं.

"नवा जॉबर घेताना मी एकच बघतो," वरुटे म्हणाले. "माग कसा वाजतो ते त्याला ठावं हाय का न्हाई. बाकी समदं शिकता येतंय." त्यांनी कात्रणांचा गठ्ठा उचलला आणि पिशवीत घातला. "छापून आलंय म्हणून मी पोरीला शब्द दिला. आता ह्यातलं खरं किती आन् खोटं किती, कुणाला इच्यारू? न्हाई जायाचं तिनं."

मग वैजूकडे वळून त्यांनी आडवा हात फिरवला. त्याचा अर्थ सांगायला मला कुणी लागलं नाही.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या सहाशे शब्दांपायी एका मुलीच्या हातचं पुणं चाललं होतं. उठून जावं तर तेही बरं दिसत नव्हतं. मी तशीच खुर्चीत बसून राहिले.

आणि वैजू बोलायला लागली. हातांनी. इतका वेळ शांत असलेली ती मुलगी केवढ्या वेगानं बोलत होती. वरुटे मध्ये थोडं काही म्हणायचे, ती त्यांचे हात खाली करायची आणि पुन्हा सुरू. तीनदा तिनं माझ्याकडे बोट केलं. मी मान खाली घातली. शिव्याच देत असणार, आणि द्याव्यातच, असं मनाशी म्हणत राहिले. एकाएकी वरुट्यांचे हात थांबले. ते खाटेवर बसले. वैजूनं घड्याळ बघितलं. बाराला वीस कमी होते. तिनं माझ्या हातातून तार काढून घेतली आणि भिंतीत बसवली.

पुन्हा टक-टक. पुन्हा घंटी. पुन्हा तो आवाज. या वेळी मी डोळे मिटून तो सोसला. वरुटे मात्र उठून मोडेमजवळ गेले आणि मान वाकडी करून ऐकू लागले.

"दोन आवाज हाईत," ते हळूच म्हणाले. "एक हिकडचा, एक तिकडचा. जुळवून घ्यायला लागल्यात."

आवाज थांबला आणि काळ्या पडद्यावर एकेक अक्षर उमटू लागलं. नमस्कार, मी गद्रे बोलतेय, मघाशी काय झालं, वैजयंता आहे का? वैजू हसली. पहिल्यांदाच हसली आणि तिची बोटं धावायला लागली. वरुट्यांनी पुढे वाकून पडद्याकडे निरखून पाहिलं आणि ते पुन्हा सरळ झाले.

"इंग्रजी हाय," ते म्हणाले.

शब्द मराठीच होते, पण अक्षरं इंग्रजी. त्या तारेवरून तेव्हा मराठी अक्षर जातच नव्हतं. चौदा आठवडे मी मराठीत लिहीत होते आणि ही एवढी गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. वरुटे मराठी चौथी शिकलेले. वैजू पुण्याहून काहीही लिहो, इथे पडद्यापुढे बसलेल्या बापाला ते वाचता येणार नव्हतं.

"हे मी लिहायला पाहिजे होतं," मी म्हणाले.

"लिव्हायला पायजे होतं ते लई हाय बाई," वरुटे म्हणाले. रागानं नाही म्हणाले, दमून म्हणाले.

वैजूचे हात कळांवरून खाली आले. तिनं हे हिशेबात धरलंच नव्हतं. बारा वाजता गद्रेबाई घरी जाणार होत्या. मी नुसती इकडेतिकडे बघत होते, आणि उघड्या दारातून मला शेडाची ती काळी पाटी दिसली. मी विचारलं, मामा, त्या पाटीवर आकडे कसले लिहिलेत?

वरुट्यांना वाटलं, मी विषय बदलतेय. तरी त्यांनी सांगितलं. पहिला आकडा मागाचा, दुसरा बिघाडाचा. एक म्हणजे ताण्याचा उभा धागा तुटला, दोन म्हणजे धोटा अडकला, तीन म्हणजे पट्टा सरकला, असे बावीस. विणकर पाटीवर आकडा टाकून जातो, जॉबर वाचून त्या मागाकडे जातो. शेडात हाका मारून काय उपयोग? मी विचारलं, इंग्रजी आकडे वाचता येतात? तर म्हणाले, मागावर नंबर इंग्रजीतच कोरलेले असतात, न वाचून कसं चालेल.

माझं पुढचं वाक्य पुरं व्हायच्या आत वैजूनं वही ओढली होती. ती माझ्या ओठांवरून सगळं वाचत होती. भराभरा तिनं यादी केली. १ पोचले. २ जेवले. ३ बरी आहे. ४ ताप आहे. ५ काम जास्त आहे. ६ कुणी त्रास देतंय. ७ पाऊस आहे. ८ घरी येते. ९ तू लगेच ये. त्याखाली बापानं पाठवायचे आकडे, दहापासून पुढे. तिनं गद्रेबाईंना टाइप करून सांगितलं की मनाला येतील ते तीन आकडे पाठवा, एकापासून नऊपर्यंत. मग ती उठली, वही बापाच्या हातात दिली आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

पडद्यावर आकडे आले. दोन. सात. चार.

वरुट्यांनी चष्मा लावला. यादीवर बोट ठेवून त्यांनी एकेक मोठ्यानं वाचलं. जेवले. पाऊस आहे. ताप आहे. वाचून झाल्यावर त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"ताप असताना पावसात कशाला हिंडायला लागलीय ही?" ते म्हणाले.

गद्रेबाईंना आकड्यांचे अर्थ माहीतच नाहीत, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. वरुट्यांनी यादीत बोट खाली खाली नेलं. त्यांना हवं होतं ते सापडलं. ११ औषध घे. एका बोटानं त्यांनी एकाची कळ दाबली, बोट उचललं, पुन्हा तीच दाबली. पडद्यावर अकरा उमटले. पुण्यातही उमटले असणार.

बारा वाजता फोन सुटला. वरुट्यांनी वैजूच्या खांद्याला हात लावून तिला वळवलं आणि हातांनी काहीतरी अगदी थोडं म्हणाले. ती खुर्चीत बसली आणि दोन्ही हातांत तोंड धरून रडायला लागली. मी चपला घातल्या. माझ्यासाठी तिथे आता काही काम नव्हतं.

त्या आठवड्याच्या सदरात मी सगळं लिहून टाकलं. शीर्षक दिलं, 'माझ्या टेबलावर मोडेम नाही'. इनामदारांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं, वर्तमानपत्राची अब्रू काय राहील? मी म्हटलं, हे छापायचं नसेल तर इथून पुढे काहीच छापू नका. शेवटी छापलं, नेहमीच्या जागी नाही, आतल्या पानावर, केसतेलाच्या जाहिरातीखाली. तीस नोव्हेंबरच्या रविवारी ते आलं. त्याच सकाळी सातच्या एसटीनं वैजू पुण्याला निघणार होती, म्हणून मी स्टँडवर गेले. माफी मागायची राहिली होती.

वैजू खिडकीत बसली होती. मला बघून तिनं हात हलवला, साधा, कुणालाही कळेल असा. वरुटे खाली उभे होते, काखेत त्या दिवसाचा अंक. वाचला का, असं मी विचारलं नाही. त्यांनी नुसती होकाराची मान हलवली, त्यावरून वाचलाय हे समजले. चालकाचा पत्ता नव्हता. मला राहवेना.

"मामा, त्या दिवशी वैजू माझ्याकडे बोट करून काय म्हणत होती?"

वरुट्यांनी खिडकीकडे पाहिलं. वैजू मांडीवरच्या पिशव्या लावत होती.

"ती म्हणली, बाईंच्या घरात फोनसुदीक न्हाई," ते म्हणाले. "दिवाळीच्या आधी ती तुमचं घर हुडकत गेलती, कायतरी इच्यारायला. घरावर फोनची तार न्हाई बघून दारातनंच माघारी आली."

दिवाळीच्या आधी. म्हणजे बापापुढे कात्रण ठेवलं त्याच्याही आधी. "तिला सगळं माहीत होतं?"

"समदं. टिचक्यांचं पान बी तिला शुक्करवारीच घावलंतं. मला म्हणली, छापलेलं दाखवल्याबिगर तू ऐकणार नव्हतास." वरुटे किंचित हसले. "लई पोचलेली हाय."

"मग मला का येऊ दिलं? तिचं तिला जमत होतं की."

"मी बी तेच इच्यारलं." त्यांनी काखेतला अंक काढून उगाच नीट घडी केली. "म्हणली, मला बघायचं होतं, मोडेमचं काय येत नसताना बी बाई घरी येतीया का. आली. आन् लाज गेली तरी उठून गेली न्हाई. मला बी पुण्याचं काय येत न्हाई, आबा. येत न्हाई म्हणून मला थांबवणार असशील, तर आधी बाईला घरला धाड."

मी माफी मागायला आले होते ते विसरूनच गेले.

तेवढ्यात चालक चढला आणि गाडी सुरू झाली. खिडक्याखिडक्यांशी माणसं धावली. पोचल्यावर फोन कर, डबा वेळेत खा, मावशीला सांग, असं जो तो ओरडत होता आणि इंजिनाच्या घरघरीत आतल्यांना काही ऐकू येत नव्हतं. काय, काय म्हणून ते काचांना कान लावत होते. वैजू आणि वरुटे मात्र आरामात बोलत होते. गाडी मागे आली, वळली, फाटकातून बाहेर पडली, तरी बोलत होते. वैजूचे हात खिडकीतून बाहेर, वरुट्यांचे छातीपुढे. गाडी रस्त्याला लागली आणि कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली.

वरुट्यांचे हात थांबले नव्हते. रिकाम्या रस्त्याकडे बघत ते हळूहळू काहीतरी म्हणतच होते. बाजूनं जाणारी दोन माणसं वळून बघायला लागली. शेवटी मी म्हटलं, मामा, गाडी गेली. आता तिला दिसत नाही.

"ठावं हाय," वरुटे म्हणाले. "तिला दिसत हुतं तवर हे बोलायला जमलं न्हाई."